पिंपभर गोडं पाणी

भांडण वीतभर बांधाचं. वीतभरच हो, मी स्वतः हाताने मोजलाय. सासरे गेल्यावर मिठागराचे दोन वाटे झाले. अकरा वाफे आमचे, अकरा धाकट्या दिराचे, आणि मधे हा मातीचा बांध. ह्यांचं म्हणणं, धाकट्याने बांध लिंपता लिंपता दरवर्षी थोडा थोडा आमच्या बाजूला सरकवला. दिराचं म्हणणं, दादाच्या डोळ्यांत मीठ गेलंय, त्याला सरळ वाकडं दिसतं. आठ महिने दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. पाठोपाठ आम्ही जावाही बोलायच्या थांबलो. आमच्यात काही नव्हतं, पण नवऱ्यांनी तोंडं फिरवली की बायकांनी फिरवायचीच असतात. कोण सांगतं देव जाणे.

बरं, भांडायचं तर भांडा. पण पाण्यावरून?

मिठागरावर सगळीकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. गोड्या पाण्याचा टँकर एक दिवसाआड येतो. निळं मोठं पिंप भरून जातो, ते दोन्ही घरांना आणि मजुरांना मिळून. पिंप होतं दिराच्या झापाखाली, कारण सावली तिथेच होती. आमचाही झाप होता. दोन महिन्यांपूर्वी वाऱ्याने उडाला. "आज बांधतो, उद्या बांधतो," असं करत ह्यांनी तो बांधला नाही तो नाहीच. आणि वर शपथ घेऊन बसले, की धाकट्याच्या झापाखालचं पाणी पिणार नाही. अहो, टँकर काय धाकट्याच्या बापाचा आहे? असं मी विचारलं, तर म्हणाले, "बाप आमचा एकच होता, त्याला मधे आणू नकोस." घ्या. ह्या माणसाशी बोलायचं कसं?

म्हणून घरून दोन बाटल्या आणायचे. एरवी निभायचं. त्या दिवशी नाही निभलं.

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. अमावास्येचं उधाण आलं की खाडी फुगते, म्हणून त्याआधी तयार मीठ ओढून ढिगावर घ्यायचं होतं. मजूर दहा, मुकादम एक, आणि आम्ही घरची चार. एरवी अकराला काम थांबतं ते चारला सुरू होतं. त्या दिवशी कोणी थांबायचं नाव घेईना. वारा पडलेला. वरून ऊन आणि खालून पांढऱ्या मिठावरून उलटं येणारं ऊन. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत पांढरंच दिसत होतं. वाफ्यातलं खारं पाणी पायाला चटके देत होतं. आंघोळीला काढलं असतं तर त्यात विसावण घालावं लागलं असतं.

दहालाच ह्यांच्या बाटल्या संपल्या. मी म्हटलं, "पिंपातलं तांब्याभर आणते."

"आणलंस तर तुझ्यासमोर ओतून देईन."

ह्यावरून आमची जुंपली. मीठ ओढायचं दंताळं हातात ठेवूनच जुंपली. पलीकडच्या मजुरांनी ऐकलं, मुकादमाने ऐकलं, जाऊबाईने तर कान देऊन ऐकलं. शेवटी मलाही बोलायचं ते बोलून झालं आणि मी ह्यांच्याकडे पाठ केली. मुद्दाम. वाफ्याच्या त्या टोकाला गेले आणि टोपल्या भरायला लागले. म्हटलं, बघतच नाही. बघितलं की दया येते, आणि दया आली की हा माणूस डोक्यावर बसतो.

मागून दंताळ्याचा आवाज येत होता. ओलं मीठ ओढलं जाताना होतो तसा, जड, खर्र खर्र. त्या आवाजावरून मला कळत होतं की हे काम करतायत, रुसलेत आणि ठीक आहेत. रुसले की हे दुप्पट काम करतात. घरातली निम्मी कामं त्यांच्या रुसव्यातच झालीत.

मग आवाज बदलला. सुका, उथळ, दगडावर खरवडल्यासारखा झाला. मला कळलं की हे मिठात नाहीत. तरी मी वळले नाही. किती वेळ वळले नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

मुकादम हसला तेव्हा वळले. "वहिनी, बघा, दादांनी आज निकालच लावायचं ठरवलंय!"

हे बांधावर उभे होते आणि दंताळ्याने बांध ओढत होते. मिठासारखा. माती खाली वाफ्यात पडत होती, तयार झालेल्या पांढऱ्या मिठात. आमच्याच वाफ्यात, हो. डोक्याचं फडकं कुठे पडलं होतं कोण जाणे. पाय थोडे फाकवून, एक पाऊल इकडे, एक तिकडे, असे उभे होते.

मजूर कामं टाकून बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, "राग बघा कसा आहे." आणि मला, खरं सांगते, लाज वाटली. काळजी नाही वाटली. लाज वाटली, की चारचौघांत शोभा केली ह्या माणसाने.

दीर पलीकडून धावतच आला. "बांध कोरतोस? दिवसाढवळ्या? माझ्या डोळ्यांसमोर?"

हे थांबले. त्याच्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे तोंड तिकडे केलं, नजर कुठेतरी त्याच्या कानामागे होती.

"हो," हे म्हणाले.

"हो म्हणजे? लाज आहे का? बांध तुझ्या बाजूला सरकलाच नाही कधी, हे तुला पंचांनी सांगितलं, मी सांगितलं..."

"हो. बरोबर आहे तुझं."

मुकादम म्हणाला, "सकाळी सकाळी टाकून आलेले दिसतात."

"नाटकं आहेत," दीर म्हणाला. "माझ्यासमोर नाटकं नको करूस, दादा."

"हो," हे म्हणाले. "आईला सांग, वाढायला घे."

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. पण माझ्या काळजात धस्स झालं ते सासूबाईंच्या नावाने नाही. ते झालं त्या 'बरोबर आहे तुझं'ने. एकवीस वर्षांत ह्या माणसाने कोणाचंही बरोबर आहे असं म्हटलेलं नाही. घड्याळाचंसुद्धा नाही. रुसेल, भांडेल, ताट ढकलेल, पण धाकट्याला 'बरोबर' म्हणणार नाही. हा आमचा माणूस नव्हे.

मी टोपली टाकली आणि पळाले. दंडाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखा दंड. तोंड लालभडक. पाठीवर मिठाचे पांढरे ओघळ वाळून गेलेले.

"अहो! अहो, इकडे बघा. मी कोण?"

"हो," म्हणाले, आणि गुडघ्यांवर बसले. बसले म्हणजे पडलेच, मिठाच्या खड्यांवर. गुडघे सोलले, रक्त आलं, पण त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

तेव्हा कुठे दिराचा आवाज बदलला. "दादा? ए दादा!"

दोघा मजुरांनी आणि दिराने उचलून त्यांना दिराच्या झापाखाली नेलं. आठ महिने जिथे पाऊल टाकलं नव्हतं तिथे चटईवर घातलं. अंग थरथरायला लागलं होतं. आणि मग प्रत्येकजण वैद्य झाला.

मुकादम म्हणाला, "हुडहुडी भरलीय, ताप आहे. पांघरूण घाला." आणि खरंच रिकामी पोती आणून अंगावर टाकली. ऊन लागलं असेल म्हणावं, तर म्हणाला, "छे, काखेत घाम आहे की. ऊन लागलं तर घाम नसतो." एक म्हणाला, कांदा हुंगवा. एक म्हणाला, पाय चोळा. दीर बिचारा तांब्या घेऊन तोंडाशी बसला होता. "पी ना दादा, पी. माझं नाही, टँकरचं आहे, पी." ओतलेलं पाणी गालावरून गेलं, थोडं घशात अडकलं आणि ह्यांना असा ठसका लागला की श्वासच बसतो की काय असं वाटलं.

"तांब्या बाजूला करा!" जाऊबाई ओरडली. तिच्या एका कानाला फोन होता. आम्ही सगळे वैद्यकी करत होतो तेव्हा ह्या एकटीने आरोग्य केंद्रात फोन लावला होता. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि सिस्टरचा आवाज झापाखाली घुमला.

"शुद्धीवर आहे का? नीट बोलतोय का?"

"बरळतायत," जाऊ म्हणाली. "मेलेल्या माणसांशी बोलतायत."

"अंग?"

"भाजतंय."

"मग घाम असो नसो, ऊन चढलंय ते मेंदूवर. तोंडात थेंबसुद्धा घालू नका, फुप्फुसात जाईल. कपडे काढा. पाणी ओता अंगावर. सतत ओता आणि वारा घाला. अॅम्ब्युलन्सला तुमच्याकडे यायला पाऊण तास लागेल, तोवर हात थांबवू नका. दुसरी गाडी मिळाली तरी आधी गार करा, मग गाडीत घाला. ऐकताय ना? आधी गार, मग गाडी."

मुकादम म्हणाला, "वाफ्यातलं पाणी आणा रे."

"ते गरम आहे!" मी ओरडले. "पाय भाजतात आपले त्यात! खाडी अर्ध्या मैलावर आहे, तिथून आणेपर्यंत काय राहणार आहे ह्यांचं?"

गार पाणी एकच होतं. निळ्या पिंपातलं. सावलीतलं.

मी पिंपाकडे बघितलं. जावेकडे बघितलं. झाप तिचा, सावली तिची, आणि आठ महिने मी तिच्या 'जेवलात का'लासुद्धा उत्तर दिलं नव्हतं. मला शब्द सुचेना. शब्द सुचायची मला कधी पंचाईत पडत नाही, पण तेव्हा पडली.

तिने विचारायला लावलंच नाही. बादली पिंपात बुडवली आणि उचलली.

मजुरांमधून गलका झाला. "अहो, प्यायचं पाणी आहे ते!" "ओतून काय होणार, त्यांना पाजा की!" एका म्हातारीने तर बादलीच धरली. तिचं तरी काय चुकलं? इथे गोडं पाणी सांडलं तर पोरांना मार बसतो. तोंड धुताना आम्ही ओंजळ मोजतो. ते पाणी मातीत ओतायचं म्हणजे पापच.

दीरही म्हणाला, "अगं, थांब जरा. बारा-चौदा माणसं आहेत. टँकर उद्या दुपारी येणार."

"माणसं तहानलेली राहतील," जाऊ म्हणाली. "मरणार नाहीत. सोडा बादली."

आणि पहिली बादली तिने ह्यांच्या छातीवर ओतली.

मी पोती भिरकावून दिली. सदरा फाडला. धोतर सोडायला लागले तर मुकादमाला मर्यादा आठवली. "बायामाणसांसमोर, वहिनी..."

"तुम्ही तोंड फिरवा," मी म्हटलं. "नाहीतर तो पत्रा घ्या आणि वारा घाला. उभे राहून शहाणपणा शिकवू नका." चांगला गडी होता तसा. पत्रा घेतला आणि हात भरून येईतो वारा घातला.

एक बादली, दुसरी, पाचवी. मान, काखा, जांघा, ओली फडकी ठेवायची, लगेच गरम व्हायची, पुन्हा भिजवायची. मी ह्यांना हाका मारत होते, मधेच शिव्याही देत होते. हे "हो, हो" करत होते. एकवीस वर्षं ज्या 'हो'साठी डोकं आपटलं, तो मला कानात कडू लागत होता. नंतर तोही बंद झाला. डोळे वर गेले. सिस्टर फोनवरून म्हणत राहिली, "श्वास आहे ना? मग थांबू नका."

पिंपाचा तळ दिसला तेव्हा रस्त्यावरून मासळीचा टेम्पो चालला होता. दीर त्याच्यापुढे आडवाच झाला. मासळीवाला आधी समजला लूटमार आहे. मग बर्फाच्या पेट्या उतरवताना बडबडत होता, "अहो, माझी मासळी नासेल, मी बाजारात काय तोंड दाखवू?" पण बडबडत बडबडत त्यानेच बर्फाचा चुरा फडक्यात बांधून दिला आणि काखेत कसा धरायचा तेही दाखवलं. तोंडाने नाही म्हणायचं आणि हाताने करायचं, अशी माणसं मला आवडतात.

कितीतरी वेळाने ह्यांनी हात हलवला. बर्फ झटकायला. मग डोळे खाली आले. जावेने कपाळाला हात लावला आणि फोनमध्ये सांगितलं, "आता माणसासारखं लागतंय." अॅम्ब्युलन्सचा अजून पत्ता नव्हता. सिस्टर म्हणाली, "टेम्पोत घाला आता. वाटेत बर्फ चालू ठेवा."

टेम्पोत ओल्या मासळीच्या वासात आम्ही तिघं, मी, जाऊ आणि दीर. दिराने ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मागे मुकादम आणि मजूर रिकामे डबे घेऊन गावाकडे निघालेले दिसले. पाणी संपलेलं, चार मैल चालत जायचं, त्यांनी तरी दुसरं काय करायचं? अर्ध्या वाटेत दीर एकदम म्हणाला, "खाडीकडचं दार उघडंच आहे." खाडीचं पाणी चरातून मिठागरात घ्यायचं ते दार, रात्रीच्या भरतीआधी लावायचं असतं. अमावास्या उद्या होती, पण भरती आदल्या रात्रीपासूनच उंच येते. दार उघडं म्हणजे पाणी थेट वाफ्यांत आणि मग ढिगांत. जावेने त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "जाऊ दे," आणि फडक्यातला वितळलेला बर्फ बदलला. मुकादमाकडे फोन नव्हता, आणि टेम्पो थांबवा असं कोणीच म्हटलं नाही.

हॉस्पिटलमधला डॉक्टर तरुण होता आणि कमालीचा वैतागलेला. ह्यांना आत घेतलं, नळ्या लावल्या, आणि बाहेर येऊन म्हणाला, "गार करून आणलंत हे नशीब. ह्या आठवड्यात तिघं आले, तिघंही गोधडीत गुंडाळून! ऊन चढलेल्या माणसाला गोधडी! किती बोंबलायचं आम्ही?" मला मुकादमाची पोती आठवली.

"आता नीट सांगा. शेवटचं नीट कधी बोलले तुमच्याशी?"

"सकाळी. दहाला."

"आणि बरळायला लागले?"

"एकच्या आसपास."

"मधे?"

मी पदरावरचं मीठ झटकायला लागले.

"मधे कसे होते? चक्कर, उलटी, डोकं दुखतंय म्हणाले?"

"मी बघितलं नाही."

"दूर होता का कामाला?"

"नाही," मी म्हटलं. "पंधरा पावलांवर होते. मी पाठ करून होते."

त्याने पेन थांबवलं. मग माझं मला राहवेना. मी सांगून टाकलं. म्हटलं, डॉक्टर, दहाला आमचं पाण्यावरून भांडण झालं, आणि मी म्हणाले, मग मरा तहानेने. शेवटचं बोलणं ते. त्यांचं नाही, माझं. डॉक्टरने ते कागदावर लिहिलं नाही. म्हणाला, "मूत्रपिंडाला किती मार बसलाय ते दोन दिवसांत कळेल. मेंदूचं शुद्धीवर आल्यावर." आणि निघून गेला.

दोन दिवस मी त्या लोखंडी खाटेशी बसले. जाऊ डबा आणायची. दीर बाहेर बाकावर झोपायचा. दुसऱ्या दिवशी मुकादम येऊन सांगून गेला की बावीसच्या बावीस वाफे पाण्याखाली गेले, दोन्ही ढीग विरघळले, हंगाम संपला. दिराने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मजुरांना पाणी मिळालं ना?" बस, एवढंच. मी मात्र एकच घोकत होते. हे डोळे उघडतील, मला ओळखतील, तर पहिला शब्द गोड बोलायचा. माफी मागायची. काय म्हणायचं ते मनात दहा वेळा जुळवून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले. नजर जागेवर होती. माझ्यावर होती. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"दार लावलंस का?"

"काय?"

"खाडीकडचं. भरती आहे. दार लावलंस का?"

"नाही."

"नाही?" उठायला बघत होते, नळ्यांसकट. "अगं, मग मीठ?"

"गेलं."

"सगळं?"

"सगळं."

हे उशीवर मागे टेकले. आवाज फाटका होता, पण सूर तोच, रोजचा, माझं डोकं उठवणारा. "एवढी माणसं होतात तिथे. एक दार लावता येत नाही? करत काय होतात सगळी?"

जुळवलेलं सगळं माझ्या डोक्यातून पार गेलं. आवाज असा चढला की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला आणि जाऊ दारातून आत धावली.

"तुम्हाला धरत होतो!" मी म्हणाले. "मरा म्हटलं तुम्हाला मी, तर खरंच निघालात? एकवीस वर्षांत माझा एक शब्द ऐकला नाहीत, आणि ऐकायला नेमका तोच सापडला?"